काल्फ : रेल्वेमार्ग आणि नामवंत

काल्फ : जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यातील शहर आणि त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. मराठी मजकुरात हे नाव ‘काल्व’ असेही आढळते. स्थानिक उच्चार मात्र ‘काल्फ’ असाच आहे. ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर भागात नागोल्ट नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव वसले आहे. गाव तळाशी आणि चहूकडे जंगलाचे उतार, ही रचना लक्षात घेतली की इथली पेठ, इथली रेल्वे आणि इथल्या माणसांची दूर जाण्याची ओढ या सगळ्याचा उलगडा होऊ लागतो.

रेल्वे येण्यापूर्वी नदी हाच मोठा रस्ता होता. डोंगरातल्या उंच झाडांचे ओंडके तराफ्यांनी नागोल्ट, एन्झ, नेकार असे करत ऱ्हाइनमध्ये आणि तिथून थेट हॉलंडपर्यंत जात. लोकरी कापडाच्या व्यापारानेही गाव सधन झाले होते. १६३४ आणि १६९२ मध्ये सैन्यांनी ते जाळले, त्यामुळे बाजार चौकातली लाकडी चौकटींची देखणी घरे मुख्यतः त्यानंतरची आहेत.

श्टुटगार्टहून निघालेला लोहमार्ग १८६९ मध्ये वाइल डेअर श्टाट या गावापर्यंत आला आणि २० जून १८७२ रोजी काल्फला पोहोचला. शेवटचा टप्पा सर्वांत अवघड होता. आल्टहेंगश्टेटच्या पठारावरून काल्फच्या खोऱ्यात सुमारे दीडशे मीटर खाली उतरायचे होते. सरळ उतार गाडीला झेपणारा नव्हता, म्हणून रूळ डोंगराच्या कडेने मोठे वळसे घालत खाली आणले. आपला घाटरस्ता जसा उतरतो, तसेच हे. वाटेत फोर्स्ट आणि हिर्साउ हे दोन बोगदे लागतात. नागोल्ट खोऱ्यातून जाणारा दुसरा मार्ग त्याच सुमारास पुरा झाला. दक्षिणेकडे नागोल्ट गावापर्यंत १८७२ मध्ये, तर उत्तरेला फोर्ट्सहाइम आणि दक्षिणेला होर्बपर्यंत १८७४ मध्ये. काल्फ जंक्शन झाले.

खोऱ्यातला मार्ग आजही चालू आहे. ‘कुल्टुअरबान’ म्हणजे ‘संस्कृती-रेल्वे’ या नावाने डिझेल गाड्या फोर्ट्सहाइम, काल्फ, होर्ब, ट्यूबिंगेन अशा धावतात. १९८९ पासून गाडी गावाच्या मध्यभागी, बसस्थानकाला लागून थांबते. जुने स्थानक दक्षिणेला बाजूला पडले.

पठारावरून येणाऱ्या मार्गाचे नशीब वेगळे निघाले. वाइल डेअर श्टाटपर्यंत विजेचे मार्ग टाकले गेले, १९७८ मध्ये श्टुटगार्टची उपनगरी गाडी ‘एस ६’ तिथे येऊ लागली. पुढच्या काल्फपर्यंतच्या तुकड्यावरची प्रवासी वाहतूक मात्र १९८३ मध्ये बंद झाली, काही वर्षांनी मालगाड्याही थांबल्या. रुळांवर झाडे उगवली. जिल्ह्याने हा मार्ग विकत घेऊन जपला, हे त्याचे मोठे शहाणपण म्हटले पाहिजे. जमीन एकदा हातची गेली असती तर परतीचा रस्ताच उरला नसता. पुढे त्याच्या पुनर्बांधणीला ‘हेर्मान हेस बान’ असे नाव मिळाले. ओस्टेल्सहाइमजवळ नवा बोगदा खोदून जुना मोठा वळसा वाचवला, गाड्या बॅटरीवर चालणाऱ्या ठरल्या. खरी अडचण आली ती अंधारातून. रिकाम्या पडलेल्या दोन्ही जुन्या बोगद्यांत संरक्षित जातींच्या वटवाघळांनी हिवाळी मुक्काम थाटला होता. निसर्गसंरक्षकांनी हरकत घेतली, प्रकरण लांबले, खर्च वाढत गेला. अखेर तोडगा निघाला तो बोगद्याच्या आतच : मूळ बोगदे दोन रुळांच्या रुंदीचे असल्याने त्यांत विभाजन करून एक भाग गाडीला, दुसरा वटवाघळांना.

काल्फच्या माणसांमध्ये भारतीय वाचकाने आधी नाव घ्यावे ते हेर्मान गुंडेर्ट (१८१४–१८९३) यांचे. ते जन्माने श्टुटगार्टचे. १८३६ मध्ये भारतात आले, बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कामासाठी केरळातील तलश्शेरीला राहिले आणि मल्याळम् भाषेत इतके मुरले की तिचे व्याकरण व कोश त्यांनी रचले. १८४७ मध्ये त्यांनी ‘राज्यसमाचारम्’ हे मल्याळम् नियतकालिक सुरू केले. प्रकृतीमुळे १८५९ मध्ये परतल्यावर ते काल्फच्या प्रकाशनसंस्थेत आले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. मल्याळम्-इंग्रजी कोश १८७२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी गावात पहिली गाडी आली.

त्यांची मुलगी मारी तलश्शेरीला जन्मली. तिचे पती योहानेस हेस हेही बाझेल मिशनतर्फे मंगळूरला होते. (कोकणातल्या घरांवरची मंगलोरी कौले याच मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यापासून रूढ झाली.) या दांपत्याचा मुलगा म्हणजे कादंबरीकार हेर्मान हेस. त्याचा जन्म २ जुलै १८७७ रोजी काल्फच्या बाजार चौकातील घरात झाला. आजोबांच्या काचेच्या कपाटातल्या भारतीय वस्तूंविषयी त्याने पुढे आत्मीयतेने लिहिले. शाळेतून पळालेला हा मुलगा १८९४-९५ मध्ये गावच्या पेरो यांच्या मनोऱ्याची घड्याळे बनवणाऱ्या कारखान्यात कानस चालवत होता. मग पुस्तकाच्या दुकानात नोकरीसाठी ट्यूबिंगेनला गेला. त्याच्या कथांतले ‘गेर्बर्साउ’ म्हणजे काल्फच. ‘सिद्धार्थ’ १९२२ मध्ये आली, नोबेल १९४६ मध्ये मिळाले. १९११ मध्ये तो पूर्वेकडे निघाला खरा, पण श्रीलंका व सुमात्रा पाहून परतला. आईचे जन्मगाव पाहणे राहूनच गेले. नागोल्टवरच्या दगडी पुलावर इवलेसे संत निकोलासचे चॅपेल आहे, ही त्याची आवडती जागा. आता तिथे कठड्यापाशी त्याचा ब्राँझचा पुतळा माणसाच्याच उंचीवर, चालत्या लोकांमध्ये उभा आहे.

नाटककार ब्रेख्टचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र काढणारा चित्रकार रुडोल्फ श्लिष्टर (१८९०–१९५५) हाही काल्फचा. आणि पठारावरच्या वाइल डेअर श्टाटमध्ये १५७१ साली खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर जन्मला. त्याचा पुतळा तिथल्या चौकात आहे.

गुंडेर्ट यांची मल्याळम् हस्तलिखिते ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.