उद्यानाशेजारचं इको-टॉयलेट: हा वाद कुठून आला

गोव्यात हल्ली उद्यानाला लागून पर्यावरणपूरक शौचालय बांधायचा विषय ग्रामसभेत आला की सुरुवातीला सगळे हो म्हणतात, मग मागच्या बाकावरून कोणीतरी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाची ते दाखवणारा कागद, मागतो आणि टॉयलेट बाजूलाच राहतं. हे असं का होतं ते कळायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

फार जुनं ते एका दमात सांगतो. पोर्तुगीज काळात परसात उंच चौथऱ्यावर बांधलेले डुकरांचे संडास होते, खाली पडलेला मैला डुकरंच खायची, ज्यांच्याकडे तेही नव्हते ते काजूच्या भाटात नाहीतर ओहळाकाठी जायचे. 1961 नंतर हळूहळू सेप्टिक टँक आले आणि डुकरांचं काम संपलं. त्या संडासाला पाणी लागत नव्हतं, टाकी उपसायची भानगड नव्हती, रोगराई मात्र होती, तेव्हा त्याच्या आठवणी काढून फार हळवं व्हायची गरज नाही.

आता शहरातले लोक विचारतात की सार्वजनिक शौचालय कशाला, ज्याचं त्यानं घरात बांधावं. पण ज्याच्या पायाखालची जमीनच त्याची नाही त्यानं काय करायचं? मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, साधा संडास बांधायचा तरी भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, एनओसी आणा म्हणून सांगायचे आणि भाटकार एक तर मुंबईत, नाहीतर त्याचे वारस पंधरा ठिकाणी. 1975 च्या मुंडकार कायद्यानं संरक्षण दिलं, घर आणि भोवतालची गावात 300 चौरस मीटरपर्यंतची जमीन विकत घ्यायचा हक्कही दिला, पण मामलेदाराकडच्या केशी वर्षानुवर्षं चालतात. कोमुनिदादच्या, म्हणजे जुन्या गावसंस्थेच्या सामायिक मालकीच्या, जमिनीवर उभ्या घरांचं तर त्याहून अवघड. मग वाड्यापुरतं एक सामायिक शौचालय हाच मार्ग उरतो, आणि पंचायतीच्या ताब्यात मोकळी जागा शोधायला गेलं तर ती सापडते उद्यानाच्या कडेला.

इथेच घोळ सुरू होतो, कारण गावातली बरीच उद्यानं म्हणजे कुठल्यातरी प्लॉटिंगमध्ये सोडलेली ओपन स्पेस. तिथे झोपाळा, घसरगुंडी चालते, पक्कं बांधकाम म्हटलं की लोक बिथरतात. आणि का बिथरू नयेत, 2006 मध्ये कुठली जमीन कशासाठी वापरायची ते 2011 पर्यंतसाठी ठरवणारा रिजनल प्लॅन 2011 आला तेव्हा डोंगर आणि शेतं नकाशावर रंग बदलून सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा झोन, झाली होती, आंदोलन झालं आणि 2007 च्या जानेवारीत तो प्लॅन मागे घ्यावा लागला. त्या आंदोलनानं गावागावातल्या लोकांना सर्व्हे नंबर वाचायला शिकवलं. पुढे नगरनियोजन कायद्यात 2018 ला 16-ब हे कलम आलं, 2023 ला 17(2), दर वेळी जमिनीचा झोन बदलायची नवी खिडकी उघडली, तेव्हा ‘इको-फ्रेंडली’ अशी पाटी लावलेल्या कशाकडेही लोक संशयानं बघतात यात मला तरी काही चूक दिसत नाही. आज टॉयलेट, उद्या त्याच्या बाजूला गाळे.

पण खरी भांडणं झाली ती बायो-टॉयलेटच्या निर्णयावरून. हे बायो-डायजेस्टर मुळात सियाचीनसारख्या ठिकाणी सैनिकांसाठी तयार झालेलं तंत्र, जिथे थंडीनं मैला कुजतच नाही. टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू सोडायचे, ते मैला खाऊन पाणी आणि गॅस करतात. नंतर ते रेल्वेच्या डब्यांत आलं, लक्षद्वीपमध्ये गेलं. पुढे 2 ऑक्टोबर 2019 पर्यंत देश हागणदारीमुक्त जाहीर करायचा होता, त्या घाईत गोव्यातही पंचायतींमार्फत बायो-टॉयलेट द्यायचं ठरलं. तयार फायबरची केबिन, झटपट उभी, पक्की भिंत नाही म्हणून परवानगीचा त्रास कमी, हे त्याचं मोठं आकर्षण होतं. उद्यानाशेजारीही मग तेच बसवायला लागले.

माहितीपत्रकात लिहायचे की बाहेर पडणारं पाणी झाडांना घालता येतं. ते तसं सरळ नाही. त्या पाण्याला पुढे शोषखड्डा नाहीतर कर्दळीसारख्या झाडांचा वाफा लागतोच, आणि आपल्याकडे जमीन जांभ्याची, सच्छिद्र, पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, जुलैत विहिरीचं पाणी हात घालून काढता येतं अशी स्थिती, तेव्हा शोषखड्डा शोषणार काय आणि कुठे. साध्या सेप्टिक टँकचीही अडचण तीच, फक्त त्याला कोणी हिरवा रंग देत नाही. दुसरी गोष्ट वापराची. फिनेल, ॲसिड, ब्लीच ओतलं की जिवाणू मरतात. मी पाहिलेल्या एका केबिनच्या दारावर ‘ॲसिड वापरू नये’ असा स्टिकर अर्धा सोललेला होता आणि आत कोपऱ्यात ॲसिडचीच बाटली, नळाची चकती तुटलेली, बादलीला मग नाही. साफ करणाऱ्या बाईला कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि ॲसिड नाही तर डाग कशानं काढू, हा तिचा प्रश्न बरोबरच होता. रेल्वेतही बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या अडकून हे संडास तुंबल्याचं 2017 च्या ऑडिट रिपोर्टात आलं होतं, म्हणजे आपल्याला कळायला मार्गच नव्हता असंही म्हणता येत नाही, आधी वाचता आलं असतं.

टाकी भरली की टँकर. हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवायची बंदी आहे, ते योग्यच, पण टँकर ते नेऊन ओततो कुठे हा दुसरा विषय, रात्री ओहळात, शेतात सोडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्यात.

अलीकडचे प्रस्ताव त्या मानानं शहाणे झालेत. फायबरऐवजी चिऱ्याच्या भिंती, वर जाळी ठेवून वारा खेळता, छपराचं पाणी टाकीत घेऊन फ्लशला, दिव्यांपुरतं सोलर, आणि टाकीच्या पुढचा कर्दळीचा वाफा आता नकाशातच दाखवतात. विहिरीपासूनचं अंतरही लिहितात. फक्त बांधकामाचा पैसा वरून येतो आणि झाडणाऱ्याचा पगार पंचायतीनं काढायचा असतो, त्यामुळे अंदाजपत्रकात देखभालीची ओळ बऱ्याचदा कोरीच असते.