रक्तस्राव ‘मोठा’ कधी म्हणायचा?

रक्तदान शिबिरात माणूस ३५० मिलिलिटर रक्त देतो, चहा-बिस्किट घेतो आणि कामाला लागतो. तेच मेंदूत ३० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे रक्त साकळलं तरी जिवावर बेतू शकतं. कवटीत पसरायला जागाच नसते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला रक्तस्राव झाला, की तो किती झाला याइतकंच कुठे झाला हेही पाहिलं जातं. (‘पातळ’ हा शब्द तसा फसवा. वॉरफरिन किंवा अपिक्साबाननं रक्ताचं पाणी होत नाही. गुठळी धरायला वेळ लागतो, एवढंच.)

आयएसटीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००५ साली ‘मोठ्या’ रक्तस्रावाची व्याख्या केली. जीव गेला, किंवा मेंदू, मणका, डोळा, सांधा, हृदयाचं आवरण अशा नाजूक जागी रक्तस्राव होऊन त्रास झाला, किंवा हिमोग्लोबिन २ ग्रॅमनी वा अधिक उतरलं, किंवा रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. यातलं एक पुरे.

हृदयविकाराच्या संशोधनात मात्र ‘टिमी’ नावाची वेगळी पट्टी रुळलेली आहे. समजा, मूळव्याधीतून रक्त जाऊन कुणाचं हिमोग्लोबिन १२ वरून ९.५ वर आलं. आयएसटीएचच्या हिशेबात हा ‘मोठा’ रक्तस्राव. टिमीत ‘मोठा’ ठरायला ५ ग्रॅमची घट लागते, ‘लहान’ ठरायलाही ३. तेव्हा हाच रुग्ण तिथे सगळ्यात खालच्या, किरकोळ गटात जातो! त्यामुळे एखादं औषध ‘सुरक्षित’ म्हटलं, की मी आधी पट्टी कोणती ते बघतो. २०११ च्या ‘ॲरिस्टॉटल’ चाचणीत दोन्ही औषधांना आयएसटीएचचीच पट्टी लावली होती: मोठा रक्तस्राव वॉरफरिनवर वर्षाला ३.०९ टक्के, अपिक्साबानवर २.१३.

हिमोग्लोबिनही लगेच खरं सांगत नाही. रक्त वाहतं तेव्हा पेशी आणि द्रव सोबतच जातात, उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच राहतं. पुढच्या काही तासांत शरीरातलं पाणी रक्तवाहिन्यांत येतं आणि मग आकडा घसरतो. पहिला रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टर पुन्हा तपासायला लावतात ते यासाठी.

‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ या दोन टोकांच्या मधलाही एक गट आहे. घोळणा फुटला, दहा मिनिटं नाक दाबून थांबला, तर किरकोळ. डॉक्टरांना नाकात पट्टी भरावी लागली, तर मोठा नाही पण दखल घेण्याजोगा. डांबरासारखी काळी शौच मात्र पोटातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते, त्यात वेळ दवडू नये. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून त्या चालू असतील तर तेही सांगावं.

हिरड्यांतून चार दिवस रक्त आलं, की परस्पर गोळी बंद करणारे असतात. अपिक्साबानचा परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो आणि हृदयात गुठळी धरण्याचा मूळ धोका परत येतो. त्यातून पक्षाघात झाला, तर रक्तस्रावाच्या कुठल्याच पट्टीवर त्याची नोंद होत नाही.