यूट्यूबवर गाण्याचा चुकीचा कॉपीराइट क्लेम आला तर डिस्प्यूट कसा करायचा

भजनी मंडळाने स्वतः पेटी-मृदंगावर गायलेला अभंग टाकला आणि लगेच कुठल्यातरी म्युझिक कंपनीचा क्लेम आला, हे आता रोजचंच झालंय. पहिली गोष्ट, क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलला मिळणारी ताकीद) नव्हे. क्लेम यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची, नोंदवलेल्या गाण्यांशी आवाज जुळवून बघणारी सिस्टीम आपोआप लावते, त्यात फारतर त्या व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे जातात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो, चॅनेलला काही होत नाही. स्ट्राइक वेगळा, 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल जाऊ शकतं.

डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) कोणी करायचा? संगीत तुमचं स्वतःचं असेल, लायसन्स असेल, फेअर यूजमध्ये (टीका, समीक्षा वगैरेसाठी परवानगीशिवाय चालणारा मर्यादित वापर) बसत असेल किंवा कॉपीराइट संपलेला असेल तर. खाली क्रेडिट दिलं, गाणं विकत घेतलं होतं, व्हिडिओतून कमाई नाही, ही कारणं चालत नाहीत, कितीही मनापासून लिहा.

अभंगाचं जरा नीट बघा, कारण इथेच लोक फसतात. तुकोबा 1650 ला गेले, शब्द सगळ्यांचे. पण चाल? खळेकाकांनी (संगीतकार श्रीनिवास खळे) लावलेली चाल गायलात तर ते 2011 ला गेले आणि आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो म्हणजे 2071 संपेपर्यंत ती मोकळी नाही, मग आवाज तुमचा असला तरी क्लेम बरोबर असू शकतो. रेकॉर्डिंगचा हक्क अजून वेगळा, ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. पारंपरिक वारकरी चाल असेल तर मात्र बिनधास्त भांडा.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे रेडीमेड तानपुरा नाहीतर तबला लूप (सतत फिरत राहणारा तयार तुकडा). तोच लूप दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून ते गाणं कंटेंट आयडीत टाकलेलं असतं आणि मग सगळ्यांवर क्लेम पडत सुटतात.

हाताशी ठेवायचं ते असं: लायसन्सची पीडीएफ, पावती, परवानगीचा मेल, स्वतःचं रेकॉर्डिंग असेल तर मूळ ऑडिओ फाइल. मग यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेल सांभाळायचं पान) कंटेंट उघडून त्या व्हिडिओसमोरच्या कॉपीराइटवर क्लिक करा, कितव्या मिनिटाला काय जुळलंय ते दिसतं, तो तुकडा ऐका, मगच डिस्प्यूट. कारण दोन-तीन वाक्यांत, कोणी गायलं, चाल कुठली, लायसन्स कुठून घेतलं एवढंच. भावनिक निबंध नको.

चॅनेल मॉनेटाइज (कमाई चालू) असेल तर क्लेम आल्यापासून 5 दिवसांच्या आत डिस्प्यूट करा, पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात, उशीर केला तर डिस्प्यूट केल्या दिवसापासूनचेच. समोरच्याला उत्तराला 30 दिवस मिळतात, गप्प बसला तर क्लेम आपोआप सुटतो. नाकारलं तर अपील, तिथे त्याला 7 दिवस. व्हिडिओ ब्लॉक झाला असेल तर डिस्प्यूट सोडून थेट अपीलचाही पर्याय असतो.

अपीलनंतरही तो अडून बसला तर टेकडाउन (व्हिडिओ काढायची कायदेशीर मागणी) पाठवू शकतो आणि तेव्हा खरा स्ट्राइक बसतो. त्यावर काउंटर नोटिफिकेशन (व्हिडिओ चुकीने काढला असं उत्तर) देता येतं, पण ते कायदेशीर कागद आहे, त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि तो समोरच्या पार्टीकडे जातो. मग त्याला 10 कामाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो. ही पायरी वकिलाला विचारूनच चढा. एवढ्यासाठी वेळ नसेल तर स्टुडिओतच ते गाणं म्यूट करा नाहीतर तेवढा तुकडा कापा, क्लेम निघतो.