स्लिम की टॉवर? एकाच नावाचे दोन जुने संगणक आणि ग्राफिक कार्डाचा प्रश्न

बेळगावात, निपाणीत किंवा चिकोडीत गेमसाठी जुना संगणक घ्यायला निघालेल्या मुलाच्या हाती हमखास पडणारी जाहिरात अशी असते : डेल ऑप्टिप्लेक्स ७०५०, आय-फाइव्ह सातवे जनरेशन, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. हे वर्णन वाचून आपल्याला नेमके काय मिळणार आहे ते कळले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात एवढ्या वर्णनात दोन वेगळी यंत्रे बसतात. एक असते जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटर जाडीचे, मॉनिटरखाली आडवे ठेवता येईल असे, ज्याला दुकानदार ‘स्लिम’ म्हणतात. दुसरे असते साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद आणि पस्तीस सेंटिमीटर उंच, ज्याला सगळे ‘टॉवर’ म्हणतात. नाव एक, प्रोसेसर एक, दर्शनी चिठ्ठीही एकच, आणि पुष्कळदा किमतीतही फारसा फरक नसतो.

टॅलीचे काम, शाळेचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज भरणे यांसाठी या दोहोंत काही फरक नाही, आणि जागा कमी व्यापतो म्हणून स्लिमच बरा वाटतो. पण घेणाऱ्याच्या मनात पुढे ग्राफिक कार्ड, म्हणजे गेमचे चित्र रंगवणारा वेगळा भाग, घालून गेम खेळायचा विचार असेल, तर प्रोसेसर आणि रॅम यांच्या आधी कॅबिनेट पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, त्याच मदरबोर्डला चालणारा अधिक चांगला प्रोसेसरही घालता येतो. कॅबिनेट मात्र बदलता येत नाही, कारण या यंत्रांचे मदरबोर्ड आणि त्यांच्या स्क्रूच्या जागा कंपनीने त्या त्या कॅबिनेटपुरत्याच बेतलेल्या असतात.

पहिला फरक उंचीचा आहे. नेहमीच्या ग्राफिक कार्डाची प्रमाण उंची सुमारे १११ मिलिमीटर असते, तर लो प्रोफाइल म्हणजे बुटक्या कार्डाची सुमारे ६९ मिलिमीटर. स्लिम कॅबिनेटचे झाकण बंद व्हायचे तर बुटके कार्डच लागते. नेहमीचे कार्ड स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत, बसते, पण झाकणाच्या वर राहते. त्यातही एक बारीक गोष्ट जुने कार्ड घेताना हटकून निसटते. कार्डाच्या टोकाला, जिथे एचडीएमआयची वायर लागते, तिथे धातूची एक पट्टी असते. नेहमीच्या कॅबिनेटसाठी ती १२० मिलिमीटरची आणि स्लिमसाठी सुमारे ७९ मिलिमीटरची असते. नवे बुटके कार्ड घेतले की सहसा खोक्यात दोन्ही पट्ट्या मिळतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलेल्या कार्डासोबत फक्त लांब पट्टी उरलेली असते. तेव्हा कार्ड मापाचे असूनही स्लिममध्ये स्क्रूने आवळता येत नाही, आणि वायरच्या वजनाने स्लॉटमध्ये हलत राहते. म्हणून कार्ड पाहायला जाताना आखूड पट्टी आहे का, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा.

दुसरा फरक जाडीचा. जीटीएक्स १६५० सारख्या कार्डावर पंखा आणि उष्णता काढणारा धातूचा ठोकळा मिळून दोन स्लॉटची जागा लागते. कित्येक स्लिम मॉडेलांत कार्डाचा मोठा स्लॉट कडेला, एसएमपीएसच्या म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या अगदी शेजारी येतो, आणि मग बुटके असले तरी दोन स्लॉट जाडीचे कार्ड तिथे आत जात नाही. काही मॉडेलांत ते जाते, पण त्याचा पंखा समोरच्या पत्र्यापासून इतका जवळ येतो की त्याला हवाच पुरेशी मिळत नाही. झाकण उघडून, मोठ्या स्लॉटशेजारी दुसरी मोकळी जागा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यात कोणाच्या शब्दावर विसंबू नये. ‘कार्ड बसतंय की, काही काळजी करू नका’ असे म्हणणारा दुकानदार खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा जीटी १०३० सारखे पातळ कार्ड असते आणि घेणाऱ्याच्या मनात जीटीएक्स १६५० असते.

तिसरा फरक विजेचा, आणि गैरसमज सर्वांत अधिक इथेच होतात. ऑप्टिप्लेक्स ७०५० च्या स्लिमला १८० वॅटचा एसएमपीएस येतो, टॉवरला २४० वॅटचा. आकडे ऐकून टॉवर फार पुढे आहे असे वाटते, पण हिशेब जरा सावकाश करायला हवा. ग्राफिक कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी ६ किंवा ८ पिनची वायर द्यावी लागते, आणि ऑफिससाठी बनलेल्या या यंत्रांत, स्लिम असो वा टॉवर, अशी वायर बहुधा नसतेच. आय-फाइव्ह ७५०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा; त्यात कार्डाचे ७५ मिळवले की १४० झाले; वर मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे. १८० वॅटच्या एसएमपीएसवर हे चालते, पण गेम रंगात आला की तो काठावर चालतो, आणि त्यात यंत्र सात-आठ वर्षे कुठल्यातरी कार्यालयात दिवसभर राबलेले असते. २४० वॅटवर तेच कार्ड निर्धास्त चालते. म्हणजे मूळ एसएमपीएस ठेवायचा असेल तर दोन्ही यंत्रांसाठी कार्डाची मर्यादा एकच आहे : ७५ वॅट, वेगळ्या वायरविना. टॉवरमध्ये त्या मर्यादेपर्यंत मोकळेपणाने जाता येते आणि नेहमीच्या उंचीची कार्डे घालता येतात, एवढाच आधीचा फायदा.

एसएसडीला वीज देणाऱ्या साटा वायरीवरून ६ पिनची वायर काढून देणारा स्वस्तातला कन्व्हर्टर बाजारात मिळतो, आणि तो लावून मोठे कार्ड चालवण्याचा सल्लाही मिळतो. हा सल्ला मानू नये. साटा जोडणीतून १२ व्होल्टवर सुरक्षितपणे मिळतात ते ५४ वॅट, आणि ६ पिनच्या जोडणीवर कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. फरक पिनांवर उष्णतेच्या रूपाने निघतो. प्लॅस्टिक मऊ होते, काळे पडते, आणि पुढे काय होईल हे मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर आजमावून पाहण्याची गोष्ट नव्हे.

टॉवरचा खरा फायदा पुढच्या टप्प्यात दिसतो, कारण त्यात एसएमपीएस बदलण्याची वाट खुली राहते. तरी तीही सरळ नाही. २०१२ च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० टॉवरमध्ये मदरबोर्डला नेहमीची २४ पिनची जोडणी आहे, त्यामुळे बाजारातला साधा ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला थेट लागतो. पुढच्याच वर्षीच्या ९०२० मध्ये डेलने ती ८ पिनची केली आणि त्यानंतरच्या मॉडेलांतही स्वतःची वेगळी जोडणी कायम ठेवली, म्हणून तिथे २४ पिनवरून बदलून देणारी वायर मागवावी लागते. शिवाय टॉवर म्हणजे गेमिंग कॅबिनेट नव्हे; तीन पंख्यांचे लांब कार्ड त्यातही समोरच्या ड्राइव्हच्या खणाला अडते. मोजपट्टीने स्लॉटपासून त्या खणापर्यंतचे अंतर मोजावे आणि मगच कार्ड शोधावे.

आता कार्डे. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चे ४ जीबीचे कार्ड आणि २०१९ चे जीटीएक्स १६५०, ही दोन्ही ७५ वॅटमध्ये बसतात आणि टॉवरसाठी जुन्या बाजारात त्यांचे नेहमीच्या उंचीचे नमुने मिळतात. मात्र १६५० च्या काही नमुन्यांना कंपनीने ६ पिनची जोडणी दिलेली आहे, ते टाळावेत. स्लिमसाठी याच कार्डांचे बुटके नमुने आहेत, पण ते कमी निघाले, म्हणून शोधावे लागतात आणि विकणारा त्याची किंमत वसूल करतो. २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप ७० वॅटचे आहे, त्याचेही बुटके नमुने मिळतात, पण जुन्या संगणकाच्या बजेटमध्ये ते सहसा बसत नाही. आरएक्स ६४०० हे ५३ वॅटचे कार्ड तर एका स्लॉटच्या जाडीतही मिळते आणि स्लिमसाठीच घडवल्यासारखे वाटते. पण माहिती ये-जा करण्याच्या स्लॉटमधल्या सोळा वाटांपैकी ते चारच वापरते, आणि या जुन्या मदरबोर्डांवर प्रत्येक वाटेचा वेग नव्याच्या निम्मा असल्याने काही गेममध्ये ते स्पष्ट मागे पडते. जीटी १०३० घ्यायचेच असेल तर त्यावर जीडीडीआर५ मेमरी असल्याची खात्री करावी. त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्डही विकले जाते, आणि त्याच्या मेमरीचा वेग जीडीडीआर५ च्या जवळजवळ एकतृतीयांश आहे.

बरीचशी खरेदी बेंगळूर-पुण्याहून मागवून किंवा कोल्हापूरला माणूस पाठवून होते, तेव्हा यंत्र न पाहता ते ओळखता यायला हवे. लेनोव्होने अक्षर देऊन सोय केली आहे : एम७२०एस म्हणजे स्लिम, एम७२०टी म्हणजे टॉवर, आणि एम७२०क्यू म्हणजे हातात मावणारी डबी. डेलची मायक्रो, एचपीची मिनी आणि लेनोव्होची टायनी या डब्यांना गेमच्या हिशेबातून बाहेरच ठेवावे, आणि ‘मिनी टॉवर’ हे शब्द वाचून ‘मिनी’ मागवू नये. डेलच्या यंत्रावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. विकणाऱ्याकडून त्याचा फोटो मागून कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की ते यंत्र कारखान्यातून कोणत्या भागांसह निघाले ते दिसते. सोबत एसएमपीएसवरच्या लेबलाचा फोटोही मागावा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये.

निवड एका जागी मात्र खरोखर अवघड होते. सातव्या जनरेशनचा टॉवर आणि आठव्याचा स्लिम एकाच किमतीला समोर असतील, तर आठव्याच्या आय-फाइव्ह ८५०० मध्ये चारऐवजी सहा कोअर असतात आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालते. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी बुटके, आखूड पट्टीसह मिळणारे १६५० आधी हाती येत असेल आणि ते त्या कॅबिनेटमध्ये मावत असेल, तर मी स्लिम घेईन. कार्ड पुढे कधीतरी पाहू असा विचार असेल तर टॉवर.

घरात स्लिम आधीच असेल तर तो विकायची घाई नको. व्हॅलोरंट हलक्या सेटिंगवर आणि जुना क्रिकेट ०७ कार्डाविनाही चालतात, आणि एका १६ जीबीच्या रॅमऐवजी ८ जीबीच्या दोन काड्या लावल्या तर प्रोसेसरमधल्या ग्राफिकलाच लक्षात येण्याजोगी मदत होते. पावसाळ्यात खानापूरकडे वीज सारखी येते-जाते, म्हणून कार्ड घातल्यावर यूपीएसही तपासावा : ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, त्यावर मॉनिटर आणि संगणक एवढेच ठेवावे आणि प्रिंटरची पिन भिंतीतल्या सॉकेटला लावावी.