थोडं थांबलं की सुरू होणारी गाडी

घाट चढताना बंद पडलेली जुनी गाडी वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते. मालकाला हायसं वाटतं, मेकॅनिकचं काम मात्र अवघड होऊन बसतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं आणि दोष दडी मारून बसलेला असतो. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेला कॉइल, त्यानंतर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडला जातो. पैसे जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा त्याच चढावर उभी राहते.

अशा गाडीची तपासणी ती बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, रस्त्याच्या कडेलाच व्हायला हवी. थांबल्यावर आपोआप बरे होणारे दोष निदान चार आहेत आणि विश्रांतीनंतर चारही दिसेनासे होतात. थांबून सुरू झाली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीची, काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख ठरलेली गाडी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून धावतात. तिची टाकी मागे आणि पेट्रोल खेचणारा पंप पुढे, थेट इंजिनला बसवलेला. गॅरेजमध्ये याला एसी पंप म्हणतात, गार हवेच्या एसीशी त्याचा संबंध नाही. इंजिनातल्या कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्याच्या धक्क्याने आतला पडदा हलतो आणि गाडीच्या संपूर्ण लांबीतून पेट्रोल ओढून आणतो.

पहिल्या दोषाचं मूळ या ओढण्यातच आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक 35-40 अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटक 200 अंशांच्या आसपास. शिवाय दाब कमी झाला की कुठलाही द्रव लवकर उकळतो. कुकरमध्ये जे घडतं त्याच्या बरोबर उलट. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो. त्यात मे महिन्यातली दुपार, दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणारी गाडी, रेडिएटरमधून कमी वाहणारा वारा. वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला निघालात तर भोवतालच्या हवेचा दाबही कमी होत जातो. 1,350 मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्के कमी असतो. या सगळ्यामुळे नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी बनलेला आहे. वाफ नुसती दाबली जाते आणि पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर रिकामा होतो आणि गाडी बंद पडते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

दुसरा दोष इतका साधा आहे की तिकडे लक्षच जात नाही. टाकीतून पेट्रोल जाईल तशी तिच्यात हवा यायला हवी. अनेक जुन्या गाड्यांत त्यासाठी टाकीच्या झाकणालाच बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं किंवा कुणी भलतंच झाकण बसवलं, की टाकीत निर्वात वाढत जातो आणि काही किलोमीटरनंतर पंपाची ओढ अपुरी पडते. उभ्या गाडीत हवा हळूहळू झिरपते आणि गाडी पुन्हा चालू होते. तिसरा दोष टाकीतल्या गंजाचा. पंप ओढत असताना कचरा नळीच्या तोंडाशी चिकटतो, इंजिन थांबलं की गळून खाली बसतो.

चौथा दोष विजेचा. डेल्कोतले, म्हणजे प्लगांना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधले, पॉइंट स्विचसारखे उघडतात त्या क्षणी कॉइलमधला 12 व्होल्टचा प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत प्लगपुरते हजारो व्होल्ट तयार होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वेगाने हे सेकंदाला 100 वेळा घडतं. ते कोसळणं एकदम व्हावं, पॉइंटवरच ठिणगी उडून रेंगाळू नये, यासाठी करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. त्याची क्षमता साधारण 0.2 मायक्रोफॅरड. तापल्यावर त्याचं आतलं इन्सुलेशन गळू लागलं की प्लगची ठिणगी मरते. कॉइलचंही तसंच. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. 60 अंश तापमान चढलं तर रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. चांगली कॉइल हे सहन करते. जुन्या कॉइलचं इन्सुलेशन मात्र उष्णतेत फुटतं आणि गार झाल्यावर पुन्हा काम देतं.

आता तपासणी. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. ती कशी बंद पडली हे आठवा. चावी फिरवावी तशी एका क्षणात गेली असेल तर आधी विजेवर संशय घ्या. झटके देत, मिसिंग करत, रेस दिली तरी खचत गेली असेल तर पेट्रोलवर. मग सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा जोरदार फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष बहुधा तिथेच आहे.

तसं नसेल तर करंट बघा. एका प्लगची वायर काढून तिला जवळचा जास्तीचा प्लग जोडा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर उघड्या हाताने धरू नका आणि पेट्रोल सांडलेलं असेल तर ही परीक्षा करूच नका. कडक निळी ठिणगी म्हणजे वीज ठीक. पिवळट, अशक्त किंवा गायब असेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहा, कारण तो स्वस्त आहे, नंतर कॉइल.

ठिणगी चांगली असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची दांडी एकदा झटक्यात ओढा. बहुतेक कार्बोरेटरांत पेट्रोलची बारीक धार उडते. धार नाही म्हणजे पेट्रोल येत नाहीये. अशा वेळी जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं गुंडाळत. तो उपाय शास्त्रशुद्ध आहे, कारण बाष्पीभवन होणारं पाणी पंपाची उष्णता घेऊन जातं. मला तर ती उत्तम चाचणीही वाटते: फडक्याने दोन-चार मिनिटांत गाडी उठली तर व्हेपर लॉक, नाही उठली तर टाकीतला कचरा, फिल्टर किंवा पंपाचा पडदा. व्हेपर लॉकवर कायमचा इलाज म्हणजे पंप आणि इंजिनमध्ये उष्णतारोधक जाड पॅकिंग घालणं, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर नेणं.

सिग्नलला स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, बंद पडणारी, पण रेस दिली की छान पळणारी गाडी हे वेगळं दुखणं आहे. तिथे स्लो जेटमधला (त्या वेळी पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कार्बोरेटरच्या बारीक भोकातला) कचरा किंवा कार्बोरेटरच्या बुडाचं फाटलेलं पॅकिंग शोधावं.

आजकाल यात इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल देशात 2023 पासून पंपांवर येऊ लागलं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे 13.5. संगणक असलेली गाडी स्वतःला जुळवून घेते. पद्मिनीच्या जेटची भोकं ठरलेलीच असल्यामुळे मिश्रणात हवा जास्त होते आणि स्लो डळमळतो. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाला. जुनी नळी दोन बोटांत वाकवून बघा आणि बारीक तडे दिसले तर त्याच दिवशी बदला. टाकी ते पंप ही नळी तडकली तर ती हवा ओढून गाडी बंद पाडेल, पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गाळेल.