वेगळं ठेवायचं, पण कसं? साथ रोखण्याच्या उपायांची पार्श्वभूमी

१३७७ साली एड्रिॲटिक समुद्राकाठच्या रागुसा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, एक फर्मान काढलं. प्लेगची साथ असलेल्या मुलखातून आलेल्यांनी थेट शहरात यायचं नाही. आधी म्रकान बेटावर किंवा त्सावतात गावी महिनाभर राहायचं, मगच वेशीच्या आत. आजाऱ्याला गावाबाहेर काढणं जुनंच होतं. कुष्ठरोग्यांनी ते शतकानुशतकं सोसलं. रागुसाने धडधाकट दिसणाऱ्यालाही थांबवलं, हे नवं होतं. रोग अंगात असून दिसत नसेल, हा विचार जंतूंची ओळख व्हायच्या कितीतरी आधी सुचला, याचं मला आजही नवल वाटतं.

व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचं रुग्णालय उभारलं आणि पुढे संशयितांसाठी दुसरं बेट राखून ठेवलं. तिथे जहाजातला मालही मोकळ्या हवेत पसरून ठेवत. तीस दिवसांचे चाळीस झाले. इटालियनमध्ये चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन.

पण अडवलेल्या माणसाने खायचं काय? याचं एक उत्तर इंग्लंडमधल्या ईम गावात दगडावर कोरलेलं आहे. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग शिरला, असं मानतात. पुढच्या वर्षी धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी स्वतःहून वेस बंद केली. सीमेवरच्या दगडाला सहा भोकं आहेत. त्यात व्हिनेगर ओतून गावकरी नाणी बुडवून ठेवत. बाहेरचे लोक नाणी नेत आणि धान्य ठेवून जात. गावातली सुमारे २६० माणसं दगावली, असं सांगतात.

या त्यागाची दुखरी बाजू खूप उशिरा कळली. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो, म्हणजे वेस बंद करून गावकरी त्याच उंदरांसोबत कोंडले गेले होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग झालेला उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि निरोगी उंदराचा पिंजरा त्याच्यावर अधांतरी टांगला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. पिसवा मात्र वर उडी मारू शकत होत्या. काही दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला. तरी सिमाँचं म्हणणं मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली.

त्याच सुमारास पुण्यात सगळा भर माणसांवर होता. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अफाट अधिकार दिले. गोरे सोल्जर घराघरांत, अगदी देवघरापर्यंत शिरू लागले. रुग्णाला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवत. लोक रुग्ण लपवू लागले आणि ज्यांना शोधायचं तेच दिसेनासे झाले. २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या झडत्यांनी रोगापेक्षा भीतीच जास्त पसरवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

देवीच्या रोगावर जेनरची लस १७९६ पासून होती. तरी पावणेदोनशे वर्षं तो टिकून राहिला. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरसकट टोचणी बाजूला ठेवली. रुग्ण शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्यांना आधी टोचायचं, एवढंच त्यांनी केलं आणि साथ आटोक्यात आली. देवीच्या बाबतीत हे जमण्यासारखं होतं, कारण पुरळ उठण्याआधी रुग्णापासून सहसा लागण होत नाही आणि पुरळ लपत नाही.

१९७३ पासून भारतात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली. पुन्हा घरोघर शोध, पण या वेळी कार्यकर्त्याच्या हातात देवी आलेल्या मुलाचं चित्र असे. शाळेत, बाजारात ते दाखवून ‘असं कुणी पाहिलंत का?’ विचारायचं. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस होतं. शेवटी ते हजार रुपयांवर गेलं. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झालं. त्या शेवटच्या वर्षांत रुग्णाच्या दारावर रात्रंदिवस पहारा असे. आत जाणाऱ्या प्रत्येकाला पहारेकऱ्यासमोर लस टोचून घ्यावी लागे, आणि घरच्यांना पोटासाठी बाहेर पडावं लागू नये म्हणून गरज असेल तिथे शिधा घरपोच केला जाई.