पार्श्वभूमी: टॉवेल पास झाला, खारे पाणी इथेच राहिले

सोलापूरच्या गिरण्या आणि पूर्व भागातले माग यांची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. टेरी टॉवेलच्या निर्यातीला आज ज्या अटी लागतात, त्यांची सुरुवात मात्र १९९४ ची. त्या वर्षी जर्मनीने काही अॅझो रंगांवर (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) बंदी जाहीर केली. मुदती वाढत वाढत ती १९९६ पासून लागू झाली आणि २००२ च्या निर्देशाने सगळ्या युरोपीय संघात पोचली. बंदी सरसकट अॅझो रंगांवर नाही, बाजारात अजून तसे बोलले जात असले तरी. विघटनातून ठरावीक २२ अॅरोमॅटिक अमाइन, म्हणजे कर्करोगाशी जोडली गेलेली रसायने, सोडणारे रंगच वर्ज्य आहेत. मर्यादा आहे किलोमागे प्रत्येकी ३० मिलिग्रॅम.

लडी रंगवणाऱ्यांची अडचण झाली ती लाल आणि मरून छटांत. नॅप्थॉल पद्धतीत सुतावर आधी नॅप्थॉल हे रसायन चढवतात, मग बर्फ घालून डायझोटाइझ, म्हणजे क्रियाशील, केलेल्या ‘बेस’ या दुसऱ्या रसायनात ते बुडवतात. रंग धाग्यातच तयार होतो. पद्धत स्वस्त, पण फास्ट रेड टीआर, फास्ट स्कार्लेट जी, गार्नेट जीबीसी हे बेस म्हणजे यादीतलीच अमाइन. शिवाय टॉवेल पांढरा आणि काठ लाल असेल तर प्रयोगशाळा काठ वेगळा तपासते. काठाचे सूत दुसरीकडून रंगवून आणलेले असले, टाकीत आधीच्या रंगाचा अंश राहिला असला किंवा सुट्या पुडीतली पावडर वापरली असली, तरी एवढ्यावरून सगळा लॉट अडकतो.

ही छुपी व्यापारबंदी आहे, असा आरोप तेव्हा भारतात झाला. त्यात तथ्य होते: तिथल्या रंग कंपन्यांनी बेंझिडीनचे (यादीतलेच एक अमाइन) रंग कधीच सोडले होते आणि पर्यायी रंग त्यांच्याकडे तयार होते. पण बेंझिडीनने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हेही खरे. भारताने बेंझिडीनवर आधारित ४२ रंग आधीच बंद केले होते, १९९७ मध्ये आणखी ७० बंद केले. दोन्ही बाजूंच्या वादात एक गोष्ट राहूनच गेली. नियम टॉवेल वापरणाऱ्याच्या कातडीसाठी होता. ती पावडर रोज नाकातोंडात जाते रंगकामगाराच्या, आणि मोजमाप झाले फक्त गाठीतल्या मालाचे.

नॅप्थॉलची जागा बऱ्याच ठिकाणी धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रिअॅक्टिव्ह रंगांनी घेतली. हा रंग सुतावर चढायला मीठ लागते; गडद छटेला लिटरमागे ६० ग्रॅम धरा. किलोभर सुताला दहा लिटर पाणी लागले, तर १०० किलो सुतामागे ६० किलो मीठ गटारात जाते. न चिकटलेला रंग जातो तो वेगळाच. तुरटी-चुन्याने रंग आणि गाळ बसतो, मीठ बसत नाही. त्यासाठी आरओ आणि पुढे बाष्पीभवन यंत्र लागते. २००५ च्या १ जानेवारीला कापड निर्यातीवरचा कोटा संपल्यावर नवे माग घेण्याची निकड वाढली, कर्जाच्या व्याजात ५ टक्के सवलतही १९९९ पासून होतीच. माग कमाई करून देतो, बाष्पीभवन यंत्र फक्त वीज खाते. छोटा कारखानदार पैसा कुठे घालणार?

तिरुपूरचे डाइंग कारखाने २०११ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले तेव्हा ही बाब देशभर चर्चेत आली. केंद्राने २०१५ च्या मसुद्यात सांडपाणी शून्यावर आणण्याची अट घातली होती. २०१६ च्या अंतिम नियमांत ती सर्वांसाठी राहिली नाही.

युरोपाने ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या धुलाईच्या रसायनाची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के केली. कारण असे दिले: आयात केलेले कापड तिथल्या घरांत धुतले की हे रसायन तिथल्या नद्यांत उतरते. तेच रसायन इथे स्कावरिंग करताना, म्हणजे रंगवण्याआधी सूत धुताना, बाहेर पडते, ते पाणी मात्र या हिशेबात नाही. वेटिंग एजंटच्या (सूत नीट भिजवणाऱ्या रसायनाच्या) कॅनवर घटक बहुधा लिहिलेले नसतात, त्यामुळे पुरवठादाराची लेखी हमी असली तरी धुतलेल्या सुताचा नमुना तपासून घ्यावाच लागतो.